चिठ्ठीवरचा शुक्रवार

शिंप्याच्या दुकानात वेळ कशी राहते म्हणून कुणी विचारलं, तर सांगावं की ती कापडासारखी राहते. घडी घातलेली, थोडी जास्तीची, कडेला माया सोडलेली. शिवणीच्या आत बोटभर जादा कापड ठेवतात ना, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करायला, त्याला धंद्यात माया म्हणतात. या दुकानातले मास्तर तारखेलाही माया सोडत. गिऱ्हाईक विचारी, “मास्तर, कधी?” मास्तर कात्री न थांबवता म्हणत, “शुक्रवारी.” चिठ्ठीवर शुक्रवार लिहून ती गिऱ्हाइकाच्या हातात देत, आणि तेच कापड आत टाकताना त्याच्या उलट्या अंगाला खडूनं खरा वार लिहीत. रविवार. गिऱ्हाईकही काही काल जन्माला आलेलं नसे. ते रविवारी दिवे लागायच्या सुमाराला यायचं, आणि वर “जरा उशीरच झाला यायला” असं म्हणायचं. खोटं कुणी बोलत नव्हतं, कारण खरं कुणी धरून बसत नव्हतं.

या दुकानात खिडकीजवळच्या बैठ्या स्टुलावर एक बाई अठरा वर्षं काजं करत होती. काजं करते म्हणून काजू आणि वयाचा मान म्हणून ताई, अशी ती काजूताई. आधी ती थट्टा होती. मग थट्टा झिजली आणि नाव उरलं. कापडाला नेमकी चीर द्यायची, चिरेच्या काठाशी जाड दोरा धरायचा, आणि त्यावरून मेण लावलेल्या रेशमाचा गाठीचा टाका दाटीनं बसवत जायचा, इतका दाटीनं की चीर चीर राहू नये, तिचा डोळा व्हावा. तिच्या हातची काजं धुण्याला, आपटण्याला, दहा वर्षांच्या घाईला पुरून उरत. सदरा फाटे, काज तसंच शाबूत.

काजूताईला एक खोड होती. तिला प्रश्न पडत. सुईला भोक वरच का? उजव्या बाजूवर डावी बाजू का, डावीवर उजवी का नाही? मास्तर म्हणत, “ताई, तुम्ही वकील व्हायच्या त्या चुकून काजं करताय.” ती म्हणे, “वकिलाला उत्तरं ठाऊक असतात, मास्तर. मला कुठं ठाऊक आहेत?”

मग एका सकाळी मास्तरांनी घसा खाकरून सांगितलं, की काजाचं मशीन येतंय. दहा सेकंदांत एक काज. “तुम्ही आपली बटणं लावा की,” ते म्हणाले, पण तिच्याकडे न बघता म्हणाले. बटणं काय, कुणीही लावतं. काजूताई घरी आली आणि आपले हात मांडीवर ठेवून बसून राहिली. हात शहाणे होते. ते काही बोलले नाहीत.

दैव कधीकधी बटण घ्यायला येतं, तसं झालं. जवळच्या नाट्यगृहात परदेशी मंडळींची एक नाटककंपनी कायमच्या मुक्कामाला आली होती. जुन्या काळची नाटकं, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत बटणांचे कोट. त्यांच्या पोशाखघराची मुखत्यार एक साठीची उंच बाई होती, केसांत पेन्सिल खोचलेली, ओठांत टाचण्या धरून बोलणारी. तिला हाडाची बटणं हवी होती. ती मिळाली नाहीत, पण गल्ल्याशेजारी टांगलेल्या एका जाकिटाचं काज तिला दिसलं. तिनं खिशातून भिंग काढलं. काजाकडे पाहिलं, मग काजाकडून खिडकीकडे, आणि खिडकीतल्या स्टुलाकडे.

मास्तरांच्या इंग्रजीत चारच शब्द होते. ट्रायल, टाइट, लूज आणि फ्रायडे. त्यामुळे मधल्या बोलण्याला एक गिऱ्हाईक धावून आलं. त्यातून निघालं ते असं: पोशाखघराला हातानं काजं करणारं माणूस कायमचं हवं आहे. शिलाई तिनं आत्ताच पाहिली, ती पास. पण तिथं प्रत्येक कपड्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते. कुणाचा कोट, कुठल्या अंकात, कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं इंग्रजीत. ती चिठ्ठी वाचता आली पाहिजे आणि लिहिता आली पाहिजे. तीन आठवड्यांनी नवं नाटक उभं राहील, तेव्हा एक कोट देऊन बघेन.

“तीन आठवडे म्हणजे आपले की त्यांचे?” काजूताईनं विचारलं. कुणालाच प्रश्न कळला नाही. पुढं त्याची आठवण तिला व्हायला हवी होती, पण झाली नाही.

काजूताईला इंग्रजी अक्षरं येत होती. सातवीपर्यंतची शाळा आणि पुढं अठरा वर्षं कापडावरची लेबलं. वारांची, महिन्यांची नावंही येत होती. अडत होतं ते मधल्या किरकोळ शब्दांवर, ते काळाच्या अलीकडे येऊन बसतात त्यांच्यावर. आणि ते शिकवायला घरातच माणूस होतं. सून दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर तिच्या तोंडी तेच. ॲट टेन, ऑन ट्यूसडे, इन मार्च. तिच्या खिडकीवर दहा म्हणजे दहा. दहा पाचला आलेल्या माणसाला ती घड्याळ दाखवी, आणि माणूस खजील होई.

“आई, तीनच आहेत,” सून म्हणाली. दोघी ताटं पुसत होत्या. “घड्याळातल्या वेळेला ॲट. वाराला आणि तारखेला ऑन. महिना, वर्ष, ऋतू यांना इन.”

“का?”

“का म्हणजे? तसंच असतं.”

“तसंच असतं असं सासूनं सुनेला सांगायचं असतं. तू मला काय सांगतेस?”

सून हसली. पण उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि उत्तर नाही म्हटल्यावर काजूताईची झोप गोड झाली. डोक्यात एक नवा प्रश्न घेऊन पडणं हे तिला उशीसारखं लागे.

दुसऱ्या दिवशी काज करता करता तिला ते दिसलं. टाचणी. टाचणीच्या टोकावर काय मावतं? काहीच नाही, नुसतं टेकतं. चार वाजले म्हणजे काय? घड्याळाचा काटा टेकला आणि उठला. तो ॲट. मग समोरच्या खुंटीवर सदरा होता. त्याला पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन बाह्या, सगळा एका नजरेत मावतो. वार तसाच. सकाळ ही एक बाही, संध्याकाळ ही दुसरी. तो खुंटीवर टांगायचा, म्हणजे ऑन. आणि कोपऱ्यातली कापडांची पेटी? तिचा तळ दिसत नाही. आत हात घालून चाचपावं लागतं. महिना, वर्ष, उन्हाळा, सगळे पेटीतले. इन.

हातात काम आणि मनात ताल असला की तिच्या तोंडून ओळी आपोआप निघत. त्या दिवशी दुकानात ती गुणगुणत होती:

घटका ग एवढीशी, बोट टेकलं नि गेली,
टाचणीच्या टोकावरी, ॲट म्हणुनी बसली.

दिस माझा खुंटीवरी, सदऱ्यावाणी टांगला,
दोन्ही बाह्या मोकळ्या, ऑन तयाला लावला.

साल-महिना पेटीत, किती खोल ठाव नाही,
हात बुडे कोपरभर, इन त्याचं नाव बाई.

मास्तर मशीन थांबवून ऐकत होते. “हे कुठल्या देवाचं?”

“इंग्रजीचं,” ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं सुनेला ओव्या म्हणून दाखवल्या. सून हातातला चमचा तसाच धरून ऐकत राहिली. मग तिनं नोकरीच्या शिरस्त्यानं तपासायला घेतलं.

“सकाळी?”

“इन द मॉर्निंग. पेटीतली.”

“सोमवारी सकाळी?”

“इन…” काजूताई थांबली. “नाही. वाराचं नाव आलं. सकाळ पेटीत होती, तिच्यावर सोमवारचं लेबल शिवलं की ती खुंटीवर गेली. ऑन.”

“बरोबर. येत्या शुक्रवारी?”

“ऑन नेक्स्ट…”

“तिथं ऑन नको. नेक्स्ट असला की काहीच नको.”

“काहीच नको? उघडाच हिंडतो?”

“हो. येता शुक्रवार, गेला शुक्रवार, दोघंही उघडे.”

“आणि रात्र?”

“ॲट नाइट.”

काजूताईनं ताट खाली ठेवलं. “अगं, सकाळ एवढीशी ती पेटीत, आणि रात्र एवढी लांब ती टाचणीच्या टोकावर? हे काय झालं?”

“आई, परीक्षेला हे नाही येणार.”

“परीक्षा राहू दे. का, ते सांग.”

सुनेनं पुढचं ताट पुसायला घेतलं. काजूताई त्या रात्रीवर चार दिवस विचार करत होती. बसथांब्यावर, भाजी निवडताना, मेण लावलेला दोरा दोन बोटांतून ओढताना. पाचव्या दिवशी ती सुनेला म्हणाली, “ज्यांनी ही भाषा केली ना, ते रात्री झोपत असणार. डोळे मिटले, डोळे उघडले, उजाडलं. त्यांना रात्र टोकाएवढीच. तुला माहेरी आईला दवाखान्यात घेऊन बसावं लागलं होतं, तेव्हाची रात्र आठव. ती टोकावर मावली असती?”

सुनेनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “ती तर पेटीतही नसती मावली.” आणि त्या दिवसापासून शिकवण्यात दोघीही विद्यार्थिनी झाल्या.

सगळ्यात मोठा शोध तर पुढंच लागला. एका दुपारी काजूताई घाईनं घरी आली, चपला एक इकडे एक तिकडे. “ऐक. आपण काय म्हणतो? चारला. सोमवारी. जूनमध्ये. तीन वेगळी शेपटं आहेत की नाहीत? सोमवारला भेटू असं म्हणतो का कुणी? चारमध्ये ये म्हणतो का? त्यांचं अलीकडे बसतं, आपलं पलीकडे लोंबतं. मला हे कुणी शिकवलं?”

“कुणीच नाही,” सून म्हणाली. “मलाही आत्ताच कळतंय.”

“म्हणजे येत होतं. नुसतं येतंय हे ठाऊक नव्हतं.”

त्यानंतर भीती गेली. ती बसच्या पाटीवरच्या, औषधाच्या डबीवरच्या, सुनेनं आणलेल्या जुन्या नोंदणीच्या कागदांवरच्या वेळा वाचत सुटली. बाय हा शब्द तिला विशेष आवडला. तोपर्यंत, किंवा त्याच्या आधी केव्हाही. “हा शब्द मास्तरांना नेऊन देते,” ती म्हणाली. “त्यांना फार उपयोगी पडेल.”

तीन आठवडे संपले. सोमवारी पोशाखबाईनं निरोप धाडला. काजूताई गेली आणि निळा जाड कोट घेऊन आली. वीस काजं, सगळी हाताची. चौदा पुढं, तीन-तीन मनगटांना. बटणं आधीच लावलेली. गळ्याशी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. बाईनं बोट ठेवून वाचायला सांगितलं होतं आणि काजूताईनं तिथंच, न अडखळता वाचून दाखवलं होतं. सेनापतीचा कोट. दुसऱ्या अंकात. ऑन फ्रायडे, ॲट फोर. तिन्ही शब्द एकाच पुठ्ठ्यावर. बाईनं मान हलवली होती. हे जमलं तर जागा तुमची, हे तिनं बोटांनी आणि भुवयांनी सांगितलं, आणि ते बरोबर समजलं.

घरी येऊन काजूताईनं कोट खुंटीला लावला. दिवसभर दुकान, दुकानातून आलं की दोन काजं, निवांत मनानं, कुठं घाई नाही. सोमवारी दोन, मंगळवारी दोन, बुधवारी दोन, गुरुवारी दोन. तिला आयुष्यात पहिल्यांदा एवढं जाड, एवढं शहाणं कापड हाताला लागलं होतं. त्याला चीर देताना ती मनात त्याची माफी मागे.

शुक्रवारी दुपारी बाराला ती जेवायला घरी आली. सुनेची त्या दिवशी एकची पाळी होती, ती उभ्या उभ्याच जेवत होती. तिची नजर खुंटीकडे गेली.

“आई, कोट अजून इथंच?”

“मग कुठं जाईल?”

“द्यायचा कधी आहे?”

“ऑन फ्रायडे,” काजूताईनं अभिमानानं म्हटलं. “ॲट फोर.”

सुनेचा घास हातातच राहिला. “आज शुक्रवार आहे.”

“हो की.”

“हो की काय? बारा वाजलेत. किती काजं झालीत?”

“आठ. अगं, रविवारी होतील ना. शुक्रवार चिठ्ठीवरचा आहे. चिठ्ठीवर तसंच लिहितात.”

सुनेनं ताट खाली ठेवलं. सासूनं शब्द न् शब्द वाचला होता. ऑन बरोबर, ॲट बरोबर, फ्रायडे बरोबर, चार बरोबर. आणि त्यातल्या एकावरही तिचा विश्वास बसला नव्हता. तिच्या अठरा वर्षांत कुठलाच लिहिलेला शुक्रवार शुक्रवारी उगवला नव्हता.

“आई,” सून हळू म्हणाली, “ते शिंपी नाहीत. त्यांचा पडदा चारला म्हटला की चारला वर जातो. माझ्या खिडकीसारखं.”

काजूताईचा चेहरा आधी हसरा होता. मग तो हळूहळू उसवला. मशीन तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, दहा सेकंदांचं.

“आता नाही होत,” ती म्हणाली. “बारा काजं.”

“एका काजाला किती वेळ लागतो?”

हा प्रश्न तिला कुणीच कधी विचारला नव्हता, आणि नवल म्हणजे तिनं स्वतःलाही नाही. जगातल्या सगळ्या गोष्टींना का विचारणाऱ्या बाईला आपल्या हाताचा वेग ठाऊक नव्हता. “लागतो तेवढा,” ती म्हणाली.

सुनेनं टेबलावरचं गजराचं घड्याळ उचलून तिच्यापुढं ठेवलं. मग स्वतः बसली आणि बारा सुयांमध्ये बारा दोरे ओवले, प्रत्येकाला मेण लावून ओळीनं उशीवर टोचले. तिला उशीर होत होता. दहाला पाच मिनिटं चालवून न घेणारी ती खिडकी आज दहा मिनिटं रिकामी राहणार होती. दारातून ती म्हणाली, “सव्वातीनला निघा. झालं असेल तेवढं घेऊन निघा. न झाल्याचं तिथं सांगा.”

“रागावतील.”

“न गेल्यावर त्याहून जास्त रागावतील.”

काजूताईनं साडेबाराला पहिली चीर दिली. टाका, गाठ, टाका, गाठ. काज मिटलं तेव्हा तिनं घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं. दुसरं, पुन्हा अठरा. तिसऱ्याला तिनं मुद्दाम घाई करून पाहिली, तर दोन टाके उसवावे लागले आणि पुन्हा अठराच. तिला हसू आलं. बाहेर काय पेटलंय आणि आपल्याला हसू कसलं येतंय, असंही वाटलं. पण इतकी वर्षं आपल्या बोटांत एक घड्याळ चालू होतं आणि आपल्याला त्याची टिकटिक ऐकू आली नव्हती, ही गोष्टच तशी होती. नऊ झाली. तीन वाजून बारा मिनिटं. तिनं कोट कापडात गुंडाळला, उरलेल्या तीन सुया पदराच्या आत टोचल्या आणि निघाली.

पोशाखघर नाट्यगृहाच्या मागल्या अंगाला होतं. लांब खोली, छतापासून लोंबणारे झगे, इस्त्रीची वाफ, भिंतीवर ताटाएवढं घड्याळ. चारला दोन मिनिटं कमी होती. सेनापतीचं काम करणारा नट कोट चढवून पाहायला बनियनवर उभा होता. पोशाखबाईनं कोट उलगडला, बोट वरून खाली नेलं आणि शेवटी थांबवलं. तीन बटणांना समोर काज नव्हतं.  ओठांतल्या टाचण्या काढून तिनं कोट तिथं टाचला, सेनापतीला वळवलं, वाकवलं, तलवार उपसायला लावलं. चार वीसला कोट उतरवून त्याला सोडलं. मग ती काजूताईकडे वळली आणि सावकाश, सोप्या इंग्रजीत विचारलं, बाकीचं केव्हा?

काजूताईच्या जिभेवर जे आलं ते मास्तरांचं होतं. संडे. आवाजही मास्तरांचाच, कात्री न थांबवणारा. तो तिनं दातांमागं अडवला. घड्याळाकडे पाहिलं. अठरा, आणि अठरा, आणि अठरा.

“ॲट फाइव्ह फोर्टीन,” ती म्हणाली.

बाईच्या भुवया वर गेल्या. पाच म्हणणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली असणार, साडेपाच म्हणणारीही. चौदा मिनिटं म्हणणारी कुणी पाहिली नसावी. तिनं खुर्ची ओढली, दिवा जवळ घेतला आणि समोर बसून स्वतःचं एक काम उकरून काढलं.

काजूताई काज करू लागली.  पहिलं झालं, चार अडतीस. दुसऱ्याच्या मध्यावर दोरा गुंतला. तिनं गाठ नखानं सोडवली. पाचला चार मिनिटं कमी असताना ते मिटलं, म्हणजे चुकलं नव्हतंच. तिसऱ्याला ती घड्याळाकडे पाहायचीच विसरली. दोरा कापून सुई उशीत टोचली, तेव्हा बाई भिंतीकडे बघत होती. पाच तेरा.

मग बाईनं भिंग काढलं. वीसच्या वीस काजं पाहिली, एकही न वगळता. शेवटी विचारलं, सोमवारपासून इतके दिवस होते, मग आज का उरलं?

काजूताईला इंग्रजीत सबब सांगता आली नसती, आणि तेच बरं झालं. तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. “पेपर फ्रायडे,” ती म्हणाली. मग छातीवर हात ठेवून दुकानाच्या दिशेनं दाखवलं. “अवर शॉप. पेपर फ्रायडे, कोट संडे. ऑलवेज. एटीन इयर्स.” आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे हात करून, “हियर, फ्रायडे फ्रायडे?”

बाई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि तोंडापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. “फ्रायडे फ्रायडे,” ती म्हणाली. केसांतली पेन्सिल काढून तिनं कोरा पुठ्ठा पुढं सरकवला आणि काजूताईच्या हातात पेन्सिल दिली. ती सांगत गेली, काजूताई लिहीत गेली. ऑन मंडे. ॲट नाइन. बाईनं तो पुठ्ठा तिलाच दिला. पुढचं बोलली ते काजूताईला नीट कळलं. पुन्हा असं झालं तर काजं कितीही सुरेख असोत, जागा राहणार नाही.

शनिवारी सकाळी तिनं दुकानात सांगितलं, “मास्तर, मला तिकडची जागा मिळाली. सोमवारी जायचंय.”

मास्तरांची कात्री चालू होती. “छान. म्हणजे बुधवारपर्यंत आहात. तोवर ती जाकिटं उरकू.”

“नाही, मास्तर. सोमवारी. नऊला.”

कात्री कापडात अर्ध्यावर थांबली. मास्तर अर्ध्या कापात कधी थांबत नसत, कापड सरकतं. “लिहून दिलंय का?” त्यांनी विचारलं. तिनं पुठ्ठा दिला. त्यांनी तो कापडासारखा चिमटीत धरून पाहिला, उलटा करून मागचं अंगही पाहिलं. तिथं खडूनं काहीच लिहिलेलं नव्हतं.

“मागं काही नाही,” ते म्हणाले.

“नसतं. त्यांच्याकडे पुढचंच खरं.”

“धुतल्यावर आखडत नाहीत वाटतं त्यांचे दिवस.” त्यांनी पुठ्ठा परत दिला. “जड जाईल हो तुम्हाला.”

“जाईल. काल गेलं.”

इतक्यात एक जुनं गिऱ्हाईक दारात आलं. नवा सदरा, सहा काजं तेवढी बाकी होती. “काय मास्तर, कधी?”

मास्तरांनी तोंड उघडलं. सवयीनं वार त्यांच्या ओठांवर आलाच होता. पण ते काजूताईकडे वळून म्हणाले, “कधी हो?”

तिनं भिंतीकडे पाहिलं. दोन जाकिटं आधी, मग दुपारचं जेवण, मग सहा काजं. “आज संध्याकाळी, सहाला.”

“बरं,” गिऱ्हाईक चप्पल सरळ करत म्हणालं, “म्हणजे परवा येतो.” आणि निघून गेलं.

काजूताई हसली नाही, कारण काल ती स्वतः त्याच्याच जागी उभी होती. सहाला पाच कमी असताना तिनं शेवटचं काज मिटवलं, सदऱ्याला इस्त्री केली, खुंटीवर लावला. दोघंही नकळत दाराकडे बघत होते. बाहेर माणसं जात होती, येत होती, आत कुणी वळत नव्हतं. सहा वाजले, सहा वाजून गेले.

“परवा येईल तो,” मास्तर म्हणाले.

“परवा सोमवार, मास्तर.”

“हो,” ते म्हणाले, आणि खुंटीवरच्या सदऱ्याची कॉलर उगाच सारखी केली. “सोमवारीच.”